तलवारीचा विसार

आमच्या अवसरीच्या घरी खंडेनवमीला पाटावर नांगराचा फाळ, विळे, खुरपी, कुऱ्हाड, मोटरीचे पाने आणि एक जपानी तलवार अशी मांडामांड असे. पाहुण्यांना तलवारीचं नवल वाटायचं. आम्हा भावंडांना वाटायचं नाही, कारण कळायला लागल्यापासून आम्ही ती बघत होतो. उलट तुमच्या पाटावर तलवार का नाही, असं मी लहानपणी शेजारणीलाच विचारलं होतं आणि आईचा धपाटा खाल्ला होता.

तलवार आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होते. लढाई संपल्यावर जपानी अधिकारी रांगेनं आले आणि त्यांनी आपापल्या तलवारी जमिनीवर ठेवल्या. आबांच्या गोऱ्या साहेबाच्या वाट्याला दोन आल्या, त्यातली एक त्यानं आबांना दिली. एवढीच गोष्ट, आणि ती सांगताना आबांनी कधी छाती फुगवली नाही. गावी परत येऊन त्यांनी नांगर धरला आणि जोडीला बेल्ह्याच्या बाजारात बैलांची घेव-देव केली. तलवार पोत्यात गुंडाळून माळ्यावर असायची. वर्षातून एकदा खाली आली की आबा मूठ उतरवून ती अख्खी चिंच आणि राख लावून स्वतः घासायचे. जुनी मूठ कुजली तेव्हा गावच्या सुताराकडून त्यांनी बाभळीची मूठ बसवून घेतली होती. पण पाटावरच्या सगळ्या अवजारांना हळदकुंकू लागलं तरी तलवारीला ते फक्त झेंडूचं फूल वाहायचे. का, असं विचारलं की म्हणायचे, "ती आपली न्हाई. ठेव हाय."

मी वारूळवाडीला दिलेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी आणि माझ्या नवऱ्यानं नारायणगावात एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास काढला. पुढे इंटरनेट आलं तशी दहावी-बारावीच्या निकालाला आमच्या जिन्यावर झुंबड उडायला लागली. त्याच सुमारास लोकांना परदेशी लॉटरी लागायला लागली. शिकलीसवरलेली माणसं ई-मेलचा कागद छापून घेऊन पेढे वाटायच्या बेतानं यायची आणि मी त्यांना तिथल्या तिथे झाडायची. मी मुळातच संशयी. दूधवाल्यानं माप भरून वर चार थेंब घातले तर मी विचारते, आज काय विशेष? त्यामुळे नारायणगावात माझी ख्याती झाली होती: बाई तोंडाची फटकळ आहे, पण खोटं ओळखते.

म्हणूनच आबांनी ते काम माझ्यावर टाकलं. त्या खंडेनवमीला मी माहेरी गेले होते. आबांना दम लागायला लागला होता. ओट्यावरून गोठ्यापर्यंत जायचं तर मध्ये एकदा बसायला लागायचं. पूजा झाली, सगळे जेवायला आत गेले, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"बरम्यातनं माघारी येताना रस्त्याच्या कडंला पोरं बसल्याली व्हती," ते म्हणाले. "आयबाप न्हाई, कोन न्हाई. आमची लॉरी थांबली न्हाई, थांबायचा हुकूम न्हवता. एक पोरगी लॉरीमागं पळत आली, लई लांब पळत आली. ती मला आजून दिसती." मग तलवारीकडे बोट केलं. "ही इक. आन लढाईत आयबाप गेल्याल्या पोरांस्नी पैसं जाऊंद्यात. कुठल्या बी देशाची पोरं आसूंद्यात. फकस्त माणसं खरी बघ. तुझ्या त्या कंपुटरात बघ आन मला सांग."

त्या पोरीबद्दल मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. आईनं तरी ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. मी हो म्हणाले.

शोधायला फार वेळ लागला नाही, आणि तिथेच माझ्या कपाळाला पहिली आठी पडली. परदेशातली एक संस्था जुन्या जपानी तलवारी देणगी म्हणून घेते, इंटरनेटवर त्यांचा लिलाव करते आणि येणारा पैसा युद्धात पोरक्या झालेल्या मुलांना देते, असं एक पान सापडलं. वर एका मुलाचा फोटो. खाली तलवारी, प्रत्येकीपुढे चढत जाणारी बोली. आमच्या ओट्यावर कुणीतरी कान लावून बसलं होतं आणि आबांचं बोलणं ऐकून त्यानं ते पान केलं होतं, असंच मला वाटलं. मनासारखं स्थळ चालून आलं की आमच्याकडे आधी चौकशी करतात, त्यातली गत.

आबा एसटीनं नारायणगावला आले, जिन्यात दोनदा बसून वर चढले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मी मराठीत सांगत होते ते ऐकत राहिले. त्या मुलाच्या फोटोवर त्यांची नजर खिळली होती.

"गावली की माणसं!" ते म्हणाले.

"आबा, थांबा. फोटो काय, कुणीही लावतं."

"मालक कुठाय ह्येंचा? बैल घ्याचा तर आदी मालकाकडं बघावं, मंग बैलाकडं."

"मालक दिसत नाही, हीच तर भानगड आहे."

तरी मी पत्र लिहिलं. फोटो स्टुडिओवाल्याकडून नवा डिजिटल कॅमेरा मागून आणला. आबांनी आपली काळी घोंगडी ओट्यावर अंथरली आणि तिच्यावर तलवार ठेवली. घोंगडीच्या कोपऱ्याला आईनं कधीतरी लुगड्याच्या लाल काठाचं ठिगळ लावलं होतं. मी मूठ काढून आतल्या लोखंडाचाही फोटो घेतला, कारण तिथे काही अक्षरं कोरलेली होती. आबांच्या चिंचेनं ती बरीच पुसट झाली होती, पण लोखंड कसं तांब्यासारखं चकचकत होतं.

काही दिवसांत उत्तर आलं. तलवार अप्रतिम आहे, फार जुनी आहे, तुमच्या वडिलांनी ती किती सुंदर जपली आहे, आणि मूठ काढल्यावर दिसणारा भाग तर किती स्वच्छ! वाचून मी हरखले. खोटं कशाला बोलू, बापाची स्तुती ऐकून कोणती लेक हरखत नाही? पण मधल्या दिवसांत मी तलवारींच्या शौकिनांची पानं वाचायला लागले होते. डिक्शनरी घेऊन बसायची आणि एकेक ओळ लावायची. ही शौकीन मंडळी सगळीकडे एकच गोष्ट कळवळून सांगत होती: मुठीतल्या लोखंडाचा गंज कधीही काढू नका. त्या काळ्या गंजावरूनच तलवारीचं वय कळतं. तो घासला की तलवारीचा जन्मदाखला फाडल्यासारखं होतं. म्हणजे खऱ्या जाणकारानं आमचा फोटो बघून कपाळावर हात मारायला हवा होता. आणि ही माणसं म्हणत होती, किती स्वच्छ!

मी त्यांना विचारलं, पैसे कोणत्या मुलांना, कुठे मिळतात? फोन नंबर काय? उत्तरात त्याच मुलाचा मोठा फोटो आला आणि सोबत घाई. लिलाव बंद व्हायला थोडेच दिवस उरलेत, तलवार ताबडतोब पाठवा. पाठवताना खोक्यावर तलवार असं लिहू नका, 'शेतीची अवजारं' असं लिहा.

आमच्या खालच्या कापडदुकानाचे शेठ पिढीजात दानधर्म करणारे. राजस्थानातून त्यांच्या आज्यानं येऊन इथे दुकान घातलं, पण बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. त्यांच्याकडे रोज कोणी ना कोणी पावतीपुस्तक घेऊन यायचं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कापड मोजायचा मीटर खाली ठेवला. "ताई, धर्माच्या नावानं येतो त्याला मी म्हणतो, आज नाही, पुढच्या महिन्यात या. खरा असतो तो येतो. खोटा असतो तो म्हणतो, आजच पाहिजे."

मी ते पत्र छापून घेऊन अवसरीला गेले आणि आबांना सांगितलं, मला ही माणसं बरी वाटत नाहीत.

"का? काय चोरलं त्येंनी?"

"अजून काही नाही. पण खोक्यावर खोटं लिहा म्हणतात."

"शेतीची अवजारं म्हणत्यात. त्यात खोटं काय? खुरपं आन तलवार आपण एकाच पाटावर पुजतो."

"आबा, ते आपल्याकडं!"

"तुला देवळात सुदिक चोरच दिसत्यात," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला आणि लगेच दम लागला. छातीवर हात दाबून ते म्हणाले, "पोरी, तू बघत बसशील. माझ्याकडं तेवडा येळ न्हाई."

मला राग आला, आणि त्या रागाच्या खाली भीती होती. मी नाही म्हणत राहिले आणि ते तसेच गेले तर? संशयानं आपण वाचतो, पण ज्याला वेळ नाही त्याला आपला संशय नडतो. मी म्हणाले, मला पुढच्या बाजारापर्यंत मुदत द्या. आबा काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे होकार, असं मी धरून चालले. आबांच्या बाबतीत असं धरून चालू नये, हे मला कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी क्लासची मुलं यायच्या आधी मी ते पान उघडलं. सगळ्यात वर नवी तलवार होती. 'आमच्या ताब्यात आलेली ताजी देणगी' असं तिच्याखाली लिहिलं होतं, ती कोणत्या शहरातल्या तिजोरीत ठेवली आहे तेही होतं, आणि बोली सुरू झाली होती. तलवारीखाली काळी घोंगडी होती. घोंगडीच्या कोपऱ्याला लाल ठिगळ होतं.

 आमच्या ओट्यावरची तलवार, आईच्या हातचा टाका, आणि ही माणसं म्हणतात आमच्या तिजोरीत आहे! मी बघत असतानाच बोलीचा आकडा वर सरकला. मी घाईघाईनं अवसरीला फोन लावला. वहिनीनं उचलला.

"आबा? आबा मंचरला गेल्यात. तुमच्या भावानं गाडीवर नेऊन सोडलं. सुताराकडून लाकडी खोकं करून आणलं व्हतं ना, पार्सल टाकायला. पत्ता तुम्ही ठेवलेल्या कागदावरनं घातला."

मी स्कूटी काढली. नवऱ्याला चिठ्ठी ठेवायचंही सुचलं नाही. नाशिक रस्त्याला टोमॅटोच्या क्रेट भरलेले पिकअप एकामागे एक लागले होते, आणि त्यातला एकही मला पुढे जाऊ देत नव्हता. कळंबपर्यंत मी मोठमोठ्यानं शिव्या देत होते. कळंबच्या पुढे शिव्याही संपल्या. बैल गेला नि झोपा केला, असं होणार, हेच डोक्यात घुमत होतं. शिवाय खोकं उघडून कुणी बघितलं असतं तर? आत तलवार, वर 'शेतीची अवजारं', आणि पाठवणारा म्हणून म्हाताऱ्याचं नाव. पोलिसांनी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सगळं खरं सांगितलं असतं, आणि आणखी अडकले असते.

मंचरला स्टँडच्या मागे पार्सलचं ऑफिस होतं. बाहेर टेम्पो उभा होता आणि त्याचं मागचं फाळकं लागत होतं. आबा आत बाकावर बसले होते, डोक्याला स्वच्छ फेटा, हातात पावती. लग्नाला आलेल्या माणसासारखे समाधानी दिसत होते.

"आबा, खोकं कुठंय?"

"गाडीत चढवलं आत्ताच. तू कशाला आलीस गं?"

मी काउंटरवरच्या माणसाला म्हणाले, ते खोकं खाली घ्या. तो म्हणाला, ज्यांनी पार्सल दिलं त्यांनी सांगायला पाहिजे, तुम्ही कोण? टेम्पोवाल्यानं गाडी चालू केली. मी धावत जाऊन टेम्पोपुढे उभी राहिले. हात पसरून. स्टँडवरची माणसं बघायला लागली. रागावले की माझ्या तोंडी अवसरीची बोली येते, तशी आली. "आबा, ती माणसं खोटी हाईत! तुमची तलवार त्येंच्या तिजुरीत हाय म्हणत्यात. आज सकाळी. आपल्या घोंगडीसकट!"

आबा उठून दारात आले. "आपली घोंगडी?"

"आईच्या ठिगळासकट. मी डोळ्यांनी बघितलं. तलवार इथं गाडीत, आन तिकडं ती लिलावात."

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आबा माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात काय होतं ते मला अजून सहन होत नाही. खोट्या माणसांचा राग त्यात नव्हता. आपल्या हातून आता काही व्हायचं नाही, असं ते बघणं होतं. मग ते काउंटरकडे वळून म्हणाले, "राव, तेवडं खोकं काढा खाली."

रिक्षातून अवसरीला जाताना आबांनी गुडघ्यावर खोकं धरलं होतं. मी स्कूटीवरून मागे होते. घरी पोचल्यावर भावानं खिळे उपसले. आत तलवारीबरोबर एक खुरपं आणि एक विळा होता, दोन्ही स्वच्छ घासलेले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"वर अवजारं लिवलं व्हतं ना," आबा म्हणाले. "मंग आत नको व्हय अवजारं?"

भाऊ हसला. मलाही हसू आलं आणि रडूही. मला वाटलं, संपलं. शेंडी लावणाऱ्यांच्या हातून आपण सुटलो. पण आबा हसले नाहीत. खाटेवर टेकून त्यांनी मला विचारलं, "त्या पानावर बोली कोण लावतंय?"

"काय माहीत. असतील कुणी भोळे."

"त्येंनी पैसं दिलं तर?"

"तर बुडले."

आबा ताठ बसले. आता ते बेल्ह्याच्या बाजारातले आबा झाले होते. तिथे बैलाचा सौदा उपरण्याखाली बोटांनी व्हायचा, आणि ठरला की घेणारा विसार द्यायचा, म्हणजे हातावर थोडी रक्कम ठेवायची. एकदा विसार घेतला की बैल घेणाऱ्याचा. तो न्यायला उशिरा आला, मधल्या वेळात दुसरा कुणी दुप्पट द्यायला तयार झाला, तरी बैल हलत नाही. आबांनी एकदा विसार घेतलेला बैल तीन आठवडे आपली वैरण घालून सांभाळला होता.

"पैसं घेनार चोर," आबा म्हणाले, "पण जनावर आपलं दावलं. म्हंजी विसार आपल्या तलवारीवर झाला."

"आबा, आपण काही घेतलं नाही!"

"आपण फोटू दिला."

बोली लावणाऱ्यांना सांग, असा त्यांनी हट्टच धरला. दुसऱ्या दिवसापासून ते क्लासमध्ये येऊन बसायला लागले. पानाखाली लोकांनी लिहायची जागा होती. तिथे मी लिहायची: ही तलवार आमच्या घरी आहे, पैसे देऊ नका. थोड्या वेळात ते पुसलं जायचं. मी पुन्हा लिहायची. शौकिनांच्या पानांवरही मी सगळी हकीगत लिहिली. एके दिवशी आमच्या तलवारीखाली शब्द आला, 'विकली गेली'. मी तो वाचून दाखवला, तेव्हा आबांनी डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला. काही दिवसांनी ते पानच नाहीसं झालं.

माझ्या लिहिण्याचा एक उपयोग मात्र झाला. शौकिनांच्या पानावरून दुसरी एक संस्था, खरी माणसं, सापडली. त्यांचं पहिलं पत्र वाचूनच मला बरं वाटलं, कारण त्यात स्तुती नव्हती. पातं खरोखर जुनं आहे, त्या युद्धाच्या किती तरी आधीचं, पण मुठीतलं लोखंड घासल्यामुळे नुकसान झालंय आणि किंमत फारशी येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. फोन नंबर होता. मी लावला तर माणूस बोलला. तलवार तुमच्याकडेच राहू द्या, देशाबाहेर पाठवायला सरकारची परवानगी लागते, ती मिळाल्याशिवाय हलवू नका. आम्हीही पोरक्या मुलांसाठीच लिलाव करतो. पैसे कुणाला गेले त्याचा हिशेब पत्रासोबत आहे, बघा. घाई कुठेच नव्हती. शेठजींच्या मापानं मोजलं तरी ही माणसं खरी होती. मी नाचतच अवसरीला गेले.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इकल्याली वस्तू पुन्यांदा कशी इकू?"

माझा तोल गेला. मी त्यांना काय काय बोलले! चोरांनी तुम्हाला लुटलं नाही, पण बांधून घातलं. खऱ्या पोरांच्या तोंडचा घास तुम्ही एका नसलेल्या माणसासाठी अडवताय. बोली लावणारे त्या चोरांचेच साथीदार असतील, आपल्या टोमॅटोच्या बाजारात आडते खोटं गिऱ्हाईक उभं करतात तसे. तो माणूस जन्मालाच आला नसेल!

"नसंल तर सुटलो," आबा शांतपणे म्हणाले. "पण आसला तर?"

 मी रागानं निघून आले आणि कितीतरी दिवस अवसरीला फोन केला नाही. मग भावाचा फोन आला, आबा आता खाटेवरून उठत नाहीत. मी गेले. त्यांच्या उशाशी बसले आणि मला सुचलं ते बोलले. "आबा, बाजारात बैलाची खोड सांगून बैल विकतात ना? मग आपणही खोड सांगून विकू. या तलवारीवर आधी कुणाचा तरी विसार झालाय असं उघड लिहू. तो माणूस कधीही आला तर तलवार त्याची, आणि आत्ता घेणाऱ्याला पैसे परत."

आबांचे डोळे उजळले. "आसं लिवत्यात?"

"मी लिहायला लावते."

"मंग चिंचेनं मीच घासली, त्ये बी लिव."

त्या संस्थेनं मला दोनदा विचारलं, ही अट नक्की ठेवायची का? अशी अट असलेल्या वस्तूवर कुणी बोली लावत नाही. मी म्हणाले, ठेवा. कुणी बोली लावत नाही, हे त्यांचं वाक्य मी आबांना वाचून दाखवलं नाही. परवानगीचा अर्ज मी आधीच केला होता. संस्थेनं मी लिहिलं तसंच्या तसं पानावर टाकलं, आणि लिलाव ठेवला तितके दिवस मी रोज संध्याकाळी अवसरीला फोन करत राहिले. आबा फोन कानाला लावून एकच विचारायचे, "काय म्हणत्यात?" मी म्हणायची, बघतायत लोक. पान किती जणांनी बघितलं ते खाली दिसायचं, आणि तो आकडा खरंच मोठा होता. बोली एकही नव्हती.

लिलाव संपला त्या दिवशी मी स्वतः गेले. हे फोनवर सांगायची माझी हिंमत नव्हती. त्या लॉरीमागं पळालेल्या पोरीसाठी या माणसानं सगळं केलं होतं, आणि मी रिकाम्या हातानं त्याच्यापुढे उभी राहणार होते.

"आबा," मी म्हणाले, "लिलाव संपला. कुणी घेतली नाही."

त्यांनी खाटेवर कूस बदलली. मग हळूच म्हणाले, "किती लोकांनी बघितली म्हणत व्हतीस?"

"लई. देशोदेशीच्या."

"आन बोली एकानं बी लावली न्हाई?"

"एकानं पण नाही, आबा."

मी मान खाली घातली. त्यांना श्वास घ्यायला त्रास होत होता, तरी ते उठून बसायला बघत होते. मी पाठीला हात दिला तेव्हा कळलं, ते हसत होते. किती तरी महिन्यांनी.

"बघ," ते म्हणाले. "तू म्हणत व्हतीस, त्या कंपुटरात सगळी चोरंच बसल्यात. एवढ्या लोकांनी वाचलं, आन दुसऱ्याच्या वस्तूला एकानं हात लावला न्हाई. माणसं खरी हाईत, पोरी. पोरांचं बी बघत्याल कोन तरी."

खरं कारण माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. ते मला त्या संस्थेनं आधीच लिहून कळवलं होतं. इतकी वर्षं मी लोकांच्या हातातले लॉटरीचे कागद फाडत आले होते आणि कुणाच्या तोंडाकडे बघून थांबले नव्हते.

"हो आबा," मी म्हणाले. "माणसं खरी आहेत."

ते मी खोटं बोलले का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.